माहेरची सही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल आणि मूल सांभाळणारी बाई. मंडळाने आज्ञा केली म्हणून चार शब्द बोलायला उभी आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

विषय मोठा आहे: गाजलेली भाषणे आणि सुधारणेचे कायदे. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणशी ज्यांच्या घराण्याचे नाते, त्या महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले. त्या देशात लिंकनसाहेबांनी १८६३ साली मुक्तीचा जाहीरनामा काढला. १८७० साली घटनेने काळ्या पुरुषांना मत दिले. पण मताच्या यादीत नाव घालायला गेले की त्यांना नाना अडचणी घालून परत पाठवीत. १९६३ च्या ऑगस्टात वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचे मोठे भाषण झाले, पुढच्या वर्षी समान हक्कांचा कायदा आला, आणि मताचा अडसर काढणारा कायदा यायला १९६५ साल उजाडले. म्हणजे कागदावर हक्क मिळाल्यापासून हातात पडेपर्यंत पंच्याण्णव वर्षे गेली!

भगिनींनो, हे दूरचे वाटेल. पण आपलीही गोष्ट तशीच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आज तिला प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. त्यांच्या आईचे, भीमाबाईंचे निधनही साताऱ्यातच झाले. हेच बाबासाहेब पुढे कायदेमंत्री झाले आणि बायकांना वारसा, घटस्फोट, दत्तक यांचे हक्क देणारे हिंदू कोड बिल त्यांनी संसदेपुढे लढवले. विरोध फार झाला, बिल मागे पडले. १९५१ साली त्यांनी मंत्रिपदच सोडले. आपल्या निवेदनात त्यांनी बजावले की, वर्गावर्गांतली आणि स्त्रीपुरुषांतली विषमता तशीच ठेवून आर्थिक प्रश्नांचे कायदे करणे म्हणजे उकिरड्यावर राजवाडा बांधणे होय. आपल्यासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस आपल्या साताऱ्याच्या शाळेत शिकला, हे आपल्या लेकींना सांगत जा.

ते बिल पुढे तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. १९५५ ला विवाहाचा कायदा, १९५६ ला वारसाचा. पूर्वी विधवेला जमीन मिळाली तरी ती हयातीपुरतीच असे. १९५६ पासून ती पूर्ण मालकीण झाली. लेकीलाही बापाच्या हिश्शात वाटा मिळाला. पण एक गोम राहिली. जन्मापासूनचा हक्क फक्त मुलग्यांना होता. हिशेब पाहा. आई आधीच वारलेली, दोन भाऊ, एक बहीण, वडिलोपार्जित नऊ एकर. आधी बाप आणि दोन मुलगे असे तीन-तीन एकर वाटायचे, मग बापाचे तीन एकर तिघांत. भावांना चार-चार एकर, बहिणीला एक!

महाराष्ट्राने १९९४ साली ही गोम काढायला सुरुवात केली, पण ज्यांचे लग्न आधी झाले त्या लेकींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात लेक जन्मापासूनच भावाच्या बरोबरीची वाटेकरी झाली, लग्न झालेली असो वा नसो. आता त्याच नऊ एकरांत तिघांना तीन-तीन एकर. त्या तारखेला वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मोडत नाही, आणि बाप आपल्या हिश्शाचे मृत्युपत्र करू शकतो. हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहे.

मग अडते कुठे? अडते ते सहीवर. वडील वारले की बहिणीला साडीचोळी करतात, गोडधोड जेवू घालतात आणि हक्कसोडपत्रावर सही मागतात. बहीण विचार करते, सही नाही केली तर माहेर तुटेल.

माझे माहेर तासगावकडचे, सासर कोरेगावचे. वडिलांच्या मागे माझ्याकडेही तो कागद आला. मी म्हटले, "दादा, पीक तुम्हीच घ्या, मला दाणा नको. पण सातबाऱ्यावर माझे नाव लागू द्या." नाव लागले. पण दोन भाऊबिजा सुन्या गेल्या. तिसऱ्या वर्षी धाकटा आला. थोरला अजून आलेला नाही. ते दुःख मी लपवत नाही. दरवर्षी मी ताट मात्र दोघांचे लावते.

सही करूच नका, असे माझे म्हणणे नाही. भाऊ गरीब असेल, आईबापांचे त्यानेच केले असेल, तर बहिणीने खुशीने सोडावे. त्यात मोठेपणा आहे. पण आधी हक्क आपला आहे हे कळले पाहिजे. जे आपले आहे हेच ठाऊक नाही, त्याचे दान कसले? म्हणून कागद वाचून घ्या, घरी आणा, चार दिवस विचार करा. हक्कसोडपत्र एकदा नोंदले की परत फिरवणे फार कठीण. फेरफाराची नोटीस आली आणि हरकत असेल, तर पंधरा दिवसांच्या आत लेखी द्या. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईला मिळकतीची अट न लावता फुकट वकील मिळतो.

आणि एक मागणे आहे. आपण कुणाच्या बहिणी आहोत तशा कुणाच्या वहिनी आणि सासवाही आहोत. आपली नणंद सहीसाठी दारात येईल, तेव्हा तिला कागद वाचून दाखवणारी पहिली बाई आपण व्हावे. नायगावच्या सावित्रीबाईंनी आपल्याला अक्षर दिले ते याचसाठी.