यंत्राचा कारभार कोणत्या मापाने मोजावा?



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत संगणकाचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. पण मोडी दफ्तरे जपणाऱ्या घरांतली आपण माणसे. नोंद कोणी केली, कोणाच्या हुकमाने केली, चुकली तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. संस्थेत माहिती तंत्रज्ञान आले की तेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. त्यांची उत्तरे आधीच ठरवून ठेवणे म्हणजे माहिती तंत्रज्ञानाचा कारभार. तो नीट चालला आहे की नाही हे मोजायचे कसे, एवढाच आजचा मुद्दा.

सोपे माप आकड्यांचे: संगणक किती, अर्ज किती आले, मुदतीत किती निघाले. आपल्याच राज्याकडे पाहा. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमी कायदा केला. देशातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. मुदतीत सेवा दिली नाही, तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि ती रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते. २०१२ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा लोकसेवा पुरस्कार मिळाला. मला हा कायदा मनापासून आवडतो, कारण दिरंगाईचा धनी कोण हे त्यात लिहून ठेवले आहे.

तरीही पडद्यावरचा आकडा नेमके काय सांगतो ते बघा. दिवस मोजायला सुरुवात होते ती अर्ज दाखल होऊन पावती मिळाल्यावर. ‘अमुक कागद आणा, मग या,’ म्हणून खिडकीवरूनच परत पाठवलेला माणूस त्या हिशेबात येतच नाही. मुदतीत नामंजूर झालेला अर्जही मुदतीत निकालीच धरला जातो. परसवाड्याकडच्या एखाद्या मुलीची प्रवेशाची तारीख दाखल्यावाचून निघून गेली, तरी तक्ता शंभर टक्के दाखवू शकतो. तिच्या दृष्टीने मात्र ते वर्ष गेले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षेच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचे ठरवले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल लांबत गेले, पुढच्या शिक्षणाला जाणारी मुले अडकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. अशा वेळी आपण सर्व्हरला शिव्या देऊन मोकळे होतो. माझ्या मते सर्व्हरचा नंबर शेवटचा. तयारी पुरी झाली आहे का, आणि नसेल तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, हे आधी विचारायला हवे.

अमेरिकेतील एम.आय.टी.चे पीटर वाइल आणि जीन रॉस यांनी २३ देशांतल्या २५६ संस्थांचा अभ्यास करून २००४ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे तंत्रज्ञानाचे निर्णय कोण आणि कसे घेते, हे किती वरिष्ठांना बिनचूक सांगता येते, यावरून कारभाराचा कस सर्वांत चांगला कळतो, असे त्यांना आढळले. सरासरी निघाली ३८ टक्के! म्हणजे दर दहांतल्या सहांना आपलेच घर कोण चालवतो ते ठाऊक नव्हते.

हे माप वापरायला तज्ज्ञ लागत नाही. आपल्यापैकी कोणी पतसंस्थेत आहे, कोणी शाळेच्या समितीवर. पुढच्या बैठकीआधी तिघांना वेगवेगळे विचारा: सभासदाचे नाव यादीत चुकले तर दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा? नवी संगणक प्रणाली घ्यायचा निर्णय कोण करते? यंत्र बंद पडले तर कालची नोंद कुठे सापडेल? तिघांची उत्तरे कागदावर लिहून शेजारी शेजारी ठेवा. आणि लोकसेवा केंद्रात काही कामाने गेलात, तर निकाली अर्जांचा आकडा वाचून झाल्यावर आणखी एक चौकशी करा: अर्ज न घेता परत पाठवलेल्यांची वही इथे कोणी ठेवते का?