हाउस संगीतातील उसने सूर

'हाउस' म्हणजे घर. परंतु हाउस या नृत्यसंगीताचे नाव घरावरून नव्हे, वखारीवरून पडले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अमेरिकेतील शिकागो शहरात 'वेअरहाउस' नावाचा एक क्लब होता. १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा तरुण डीजे तेथे ध्वनिमुद्रिका वाजवीत असे. नाचावयास येणारे बहुतेक कृष्णवर्णीय, आणि त्यांतही पुष्कळसे समलिंगी तरुण. इतरत्र त्यांना मानाची जागा क्वचितच मिळे.

तेथे वाजे ते प्रामुख्याने डिस्को. डिस्कोत मोठा ड्रम चारही मात्रांवर सारखाच ठोका देतो. फंकमध्ये सारा भार पहिल्या मात्रेवर, म्हणजे आपल्या भाषेत समेवर, आणि उरलेल्या मोकळ्या जागांतून बेस आणि गिटार लपंडाव खेळत असतात. या दोहोंच्या मिलाफाने पाय थांबू देत नाहीत.

१२ जुलै १९७९ रोजी याच शिकागोत, कोमिस्की पार्कच्या बेसबॉल मैदानावर, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. जमाव मैदानात घुसला आणि दिवसाचा दुसरा सामना होऊच शकला नाही. त्या सायंकाळी प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाने पुढे सांगितले आहे की, लोकांनी आणलेल्या कित्येक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या केवळ कृष्णवर्णीयांच्या होत्या. याच लॉरेन्सने १९८४ साली जेसी साँडर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' रचले. हाउसची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणून अनेकजण तिचाच निर्देश करतात. काळाने उगविलेला याहून सुरेख सूड मला तरी ठाऊक नाही.

नव्या डिस्को ध्वनिमुद्रिकांचा ओघ आटला, तेव्हा नकल्सने जुन्याच गाण्यांच्या टेप कापून, जोडून, त्यांतील नाचण्याजोगा भाग लांबविला. पुढे सॅम्पलर आला. १९८७ च्या एसपी-१२०० या यंत्राची स्मरणशक्ती अवघी दहा सेकंदांची होती! इतक्या तोकड्या जागेत संपूर्ण गाणे मावणे शक्यच नव्हते. तेव्हा नेमका तुकडा हेरणे हीच कला ठरली. मुखडा तेवढा घ्यावा आणि तोच आवर्तनामागून आवर्तने घोळवावा, तसे हे काम. १९९८ साली पॅरिसच्या 'स्टारडस्ट'ने चाका खानच्या १९८१ मधील 'फेट' या गाण्यातून गिटारची एक लकेर उचलली आणि जवळजवळ सारे गाणे तिच्यावर उभे केले. चाका खानचा आवाज मात्र त्यांनी घेतला नाही.

लोलिएटा हॉलोवेच्या बाबतीत नेमके उलटे घडले. ही गायिका मूळची शिकागोचीच. डॅन हार्टमनने रचलेले 'लव्ह सेन्सेशन' तिने १९८० साली गाइले. छातीच्या तळापासून उठलेला, हाक मारावी तसा तो आवाज आहे. १९८९ मध्ये इटलीच्या 'ब्लॅक बॉक्स'ने त्या आवाजाचे तुकडे करून 'राइड ऑन टाइम' घडविले. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. दूरचित्रवाणीवर एक सडपातळ मॉडेल ओठ हलवीत होती. हॉलोवेचे नाव कोठेच नव्हते. प्रकरण वकिलांकडे गेल्यावर तडजोड होऊन तिला भरपाई मिळाली, आणि हेदर स्मॉल या गायिकेच्या आवाजात गाणे नव्याने मुद्रित करण्यात आले.

सॅम्पल घेणे म्हणजे चोरी, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. विस्मृतीत गेलेली कितीतरी गाणी या तुकड्यांमुळेच पुन्हा ऐकली गेली. पण गिटारची लकेर उचलणे आणि माणसाचा आवाज उचलून दुसऱ्याच्या ओठांवर ठेवणे, या दोहोंत अंतर आहे. आवाजाला चेहरा असतो. १९९१ साली 'गुड व्हायब्रेशन्स' या गाण्यात 'लव्ह सेन्सेशन'चाच तुकडा पुन्हा वापरला गेला आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. या वेळी हॉलोवेचे नाव त्या ध्वनिमुद्रिकेवर छापलेले होते, आणि चित्रफितीत ती स्वतः दिसली.