इस्पितळांतून घरीं आल्यावर

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या तयारीनिमित्त विवाहित स्त्रीपुरुषांपुढें केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सव म्हटला म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत किती बाप्तिस्मे झाले, किती लग्नें लागलीं, ह्यांचा हिशेब साहजिकच निघतो. परंतु ह्या वेदीपुढें हातांत हात घेऊन दिलेलीं वचनें पुढें घराघरांतून कशीं पाळलीं गेलीं, ह्याची नोंद कोणत्याही वहींत सांपडत नाहीं. आज आम्ही त्यांपैकीं एकाच वचनाविषयीं बोलणार आहों. निरोगी असतां तसेंच आजारी असतांही एकमेकांस अंतर देणार नाहीं, हें तें वचन होय.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली. ही हकीकत त्या उभयतांच्या संमतीनेंच सांगत आहों. नांवें मात्र सांगणार नाहीं. मुंबईच्या एका इस्पितळांत त्यांस ठेविलें होतें. ठरलेल्या दिवशीं मध्यरात्रीपासून उपाशी ठेवून दुपारीं सांगण्यांत आलें कीं, आज होत नाहीं, उद्यां पाहूं. दुसऱ्या दिवशींही तोच प्रकार. तिसऱ्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम झाली. परंतु ती झाल्याचें बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यास कळावयास दोन तास लागले. घरीं जाण्याची परवानगी सकाळीं मिळाली. विम्याचे कागद पुरे होईपर्यंत रात्रीचे आठ वाजले. तेवढा सर्व वेळ त्या बाई ओल्या टांक्यांनिशीं खुर्चीवर बसून होत्या, कारण त्यांची खाट दुसऱ्या रोग्यास दिलेली होती. नंतर भर पावसांतून वसईपर्यंतची वाट.

त्या गृहस्थांस राग आला. तो अन्यायाचा राग होता असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तो त्यांच्याबरोबर घरीं आला. समाचारास येणाऱ्या प्रत्येकास ते ओटीवर बसवून सर्व हकीकत पहिल्यापासून सांगत. दिवसभर टेलिफोनवर तेंच. तिसऱ्या दिवशीं आम्ही प्रभुभोजन घेऊन गेलों. ओटीवर बसून आम्ही पाऊण तास ऐकिलें, आणि खरें सांगावयाचें तर आमचेही चार शब्द तींत घातले. मग आंत जाऊन त्या बाईंस प्रभुभोजन दिलें, "बरें वाटतें ना?" एवढें विचारिलें, आणि निघालों.

त्याच रात्रीं त्या बाई पाण्यासाठीं एकट्या उठल्या आणि घेरी येऊन स्वयंपाकघरांत खालीं बसल्या. देवाच्या कृपेनें टांके तुटले नाहींत. "अहो, मला हांक कां मारली नाहींस?" असें त्या गृहस्थांनीं विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "माझ्या आजारापायीं तुम्हांला एवढा त्रास झाला. तुम्ही रागांत आहांत. आणखी कशाला उठवूं?"

राग इस्पितळावर होता. पण इस्पितळ तेथें नव्हतें. घरांत ती एकटी होती, आणि तो तिच्याच वांट्यास आला. हें त्या गृहस्थांनीं आम्हांस दुसऱ्या दिवशीं डोळ्यांत पाणी आणून सांगितलें, तेव्हां आम्हीही खालीं पाहिलें. रोग्यास दोन शब्द आणि तक्रारीस पाऊण तास, हा आमचाही हिशेब होता.

संत कामिलुस द लेलिस ह्यांचें चरित्र अशा वेळीं आठवावें. १५५० सालीं जन्मलेला हा शिपाईगडी जुगारी होता. पायाच्या जखमेसाठीं तो रोममधील सान जाकोमो इस्पितळांत रोगी म्हणून राहिला. पगारी नोकर रोग्यांची किती हेळसांड करितात, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. पुढें मनपालट होऊन तो त्याच इस्पितळाचा व्यवस्थापक झाला, आणि रोग्यांची सेवा प्रेमाखातर करणारे सोबती त्यानें जमविले. त्या मंडळास १५८६ सालीं पोप सिक्स्तुस पांचवे ह्यांनीं मान्यता दिली. पायाची जखम १६१४ सालीं मरेपर्यंत बरी झाली नाहीं. हेळसांड पाहून कामिलुस गप्प बसला नाहीं. पण केवळ बोलत राहिला असेंही नाहीं. त्यानें रोग्याजवळची जागा धरिली.

म्हणून तक्रार करावयाची तर ती रीतसर करावी. काय झालें, कोणत्या दिवशीं, किती वाजतां, हें एकदां कागदावर लिहून इस्पितळाच्या अधिकाऱ्यांस द्यावें. उपचाराचे कागद मागावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत ते मागणीपासून ७२ तासांच्या आंत देण्याविषयीं सांगितलें आहे. एवढें केल्यावर तो विषय रोग्याच्या खोलीबाहेर ठेवावा.

आणि शुश्रूषेसही रीत आहे. नुसतें प्रेम पुरत नाहीं. कोणतें औषध केव्हां, जेवणाआधीं कीं नंतर, हें मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीस लावावें व दिलेल्या गोळीपुढें खूण करावी. रोग्यास सदा निजवून ठेवणें ही माया नव्हे. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणें थोडें थोडें चालविल्यानें पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची भीति कमी होते. खोकतांना पोटाशीं उशी दाबून धरली म्हणजे टांक्यांस आधार मिळतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे कळशी, बादली किंवा नातवंड, कांहींही उचलूं देऊं नये. १००.४ अंशांवर ताप, जखमेभोंवतीं वाढती लाली किंवा पू, एका पोटरीस सूज, दम लागणें, ह्यांपैकीं कांहीं दिसल्यास 'त्या इस्पितळाची पायरी पुन्हां चढणार नाहीं' असा हट्ट धरूं नये; तत्काळ डॉक्टरांस गांठावें.

पुरुषांस आणखी एक सांगतों. बायकोचें अंग पुसणें, केस विंचरणें, भांडें उचलणें, पेज शिजविणें, ह्यांत कमीपणा नाहीं. प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले ते कमरेस पंचा गुंडाळूनच. आणि भगिनींनो, जन्मभर दुसऱ्यांची सेवा केलेल्या तुम्हांस सेवा घेणें जड जातें. तरी ती घ्या. हांक मारणें हा अपराध नव्हे.

शुश्रूषा करणाराही माणूसच आहे. शेजाऱ्यांनीं दोन तास त्याच्या जागीं बसावें, म्हणजे त्यास झोंप मिळेल. पवित्र सभाही त्यास विसरलेली नाहीं. प्रभुभोजनापूर्वीं एक तास उपवास असतो. परंतु १९८३ सालच्या धर्मसंहितेनें आजारी माणसांस आणि त्यांची शुश्रूषा करणारांसही त्यांतून मोकळें केलें आहे. तसेंच तेल माखण्याचा संस्कार केवळ मरणोन्मुखांसाठीं आहे, ही भीति सोडा. १९७२ सालीं पोप पौल सहावे ह्यांनीं ठरवून दिलेल्या विधीप्रमाणें, गंभीर आजारामुळें शस्त्रक्रिया करावयाची असेल तर तिच्या आधीं तो घेतां येतो. आम्हांस वेळीं बोलवा.

त्या गृहस्थांनीं दुसऱ्याच दिवशीं देव्हाऱ्यांतील पितळी घंटा पत्नीच्या उशाशीं ठेविली आणि आपलें अंथरूण खाटेजवळ जमिनीवर घातलें. पहिल्या रात्रीं ती घंटा वाजली नाहीं. दुसऱ्या रात्रीं तीन वेळां वाजली, आणि त्याबद्दल त्यांनीं देवाचे आभार मानिले. आम्हीही तेव्हांपासून कोणाच्याही घरीं गेलों म्हणजे आधीं आंतल्या खोलींत जातों आणि मग ओटीवर बसतों.

ह्या महोत्सवांत देव आपणां सर्वांस एकमेकांची हांक ऐकूं येण्याची कृपा देवो. पवित्र मरिया, आजाऱ्यांचें आरोग्य, आमच्यासाठीं विनंती कर. आमेन.