किल्ली देणारा हात

(पिंपळगाव बसवंत येथे पालक व कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित पाठ)



विजयादशमी जवळ आली की घरोघरी वाहने धुतली जातात. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. आपल्या पूर्वजांनी शस्त्रपूजनाची प्रथा घालून दिली आणि कालमानाप्रमाणे तिच्यात वाहनालाही स्थान मिळाले. ते उचितच झाले, कारण वाहनही एक शस्त्रच आहे. परंतु ज्या परंपरेने शस्त्र पूजायला शिकवले, तिनेच ते अनधिकारी हाती देऊ नये, हेही शिकवले. पहिला धडा आपल्या स्मरणात राहिला, दुसरा विस्मरणात गेला.

पिंपळगाव बसवंत हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांच्या हंगामात बाजार समितीकडे निघालेले ट्रॅक्टर, पिकअप, परराज्यांतील ट्रक आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाकी, हे येथले रोजचे दृश्य. त्या दुचाकींवर कितीदा तरी शाळकरी वयाची मुले-मुली दिसतात. एका गाडीवर तिघे, हेल्मेट घरी खुंटीला आणि मोबाइल मान वाकडी करून खांद्याशी धरलेला. ही मुले उनाड नाहीत. कुणी क्लासला निघालेला असतो, कुणी मळ्यात वडिलांचा डबा पोहोचवीत असतो. वस्ती दूर, एसटीची वेळ जुळत नाही, वडिलांना सवड नाही. ही अडचण खरी आहे. पण तिची किंमत कोणी मोजायची, एवढाच प्रश्न आहे.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वारांची व त्यांच्या मागे बसलेल्यांची संख्या त्यांत 50,029 होती. युद्धात इतकी हानी झाली असती, तर राष्ट्र हादरून उठले असते.

19 मे 2024 रोजी पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. बाल न्याय मंडळाने त्या मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली, तेव्हा देशभर संताप उसळला. तो योग्यच होता. मात्र त्या संतापात एक सोय दडलेली होती. ते प्रकरण श्रीमंतांचे, महानगराचे, आपण त्यातले नव्हे, असे म्हणून मध्यमवर्गीय घरे मोकळी झाली. मोटार कोट्यवधींची असो वा स्कूटर हप्त्यावर घेतलेली, वय न झालेल्या मुलाच्या हाती किल्ली वडीलधाऱ्यांकडूनच जाते.

कायद्याने हे ओळखले आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 199 अ समाविष्ट झाले. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, असे काही जण सांगतात. तो केवळ 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी असतो. घरोघरी दिसणारी स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठी आहे.

परंतु अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे अधिकार आला, असेही नाही. कठोपनिषदात देहाला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. मोबाइल हाती घेऊन गाडी चालविणाऱ्याने लगामच सोडलेला असतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते. शाखेतल्या तरुणांना कळेल अशा भाषेत सांगायचे तर कबड्डीची जवळजवळ चार मैदाने. पडद्यावरचा एक निरोप वाचताना एवढे अंतर चालक आंधळेपणाने कापतो. समोर त्याच वेळी मागचा दिवा नसलेली ट्रॉली असू शकते.

आणि तो फोन कोणाचा असतो? अनेकदा घरचाच. "कुठवर आलास?" असे विचारणारी आई असते, "येताना खताची गोणी आण" असे सांगणारे वडील असतात. काळजीपोटी केलेला फोनच घात करू शकतो, हे कटू असले तरी सत्य आहे.

म्हणून आरंभ घरापासून व्हावा. मूल बाहेर पडताना पोहोचण्याची वेळ ठरवावी आणि तोवर फोन करू नये. मोबाइल डिकीत ठेवावा. फार निकड असेल तर गाडी कडेला उभी करून बोलावे. अठरा वर्षांपर्यंत सायकल हेच वाहन असावे. एका आळीतल्या चार घरांनी आळीपाळीने मुलांना क्लासला पोहोचविले, तर कोणा एकावर भार पडत नाही. कार्यकर्त्यांनी ही व्यवस्था आपल्या वस्तीत उभी करावी. समाजसंघटन म्हणतात ते याहून वेगळे नसते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वडिलांनी स्वतः हेल्मेट घालावे आणि गाडीवर फोन घेऊ नये. संस्कार उपदेशाने नव्हे, आचरणाने होतात.

देशासाठी प्राण देण्याची भाषा आपण मुलांना शिकवतो. त्या प्राणांचे मोल चौफुलीवरच्या एका फोनाइतके होऊ देऊ नये. यंदा दसऱ्याला वाहनाला माळ घालताना प्रत्येक गृहस्थाने क्षणभर हातातल्या किल्लीकडे पाहावे आणि ती कोणाच्या हाती द्यायची नाही, याचा संकल्प करावा. पूजा तेव्हाच पूर्ण होईल.