श्रेष्ठ अवतार कोणता ?

गेल्या नाताळांत वसईस माझ्या ओटीवर दोन गृहस्थांचा मोठा वाद झाला. दोघेहि पन्नाशीला टेकलेले, दोघेहि माझे जुने विद्यार्थी. एक वाडवळ, रोज विरारच्या गाडीनें अंधेरीस नोकरीला जाणारा. दुसरा ख्रिस्ती, आखातांतील नोकरीहून सणापुरता घरीं आलेला. हातांतला केकाचा डबा तसाच राहिला आणि आवाज इतके चढले कीं, शेजारच्या बाईंनीं कुंपणावरून विचारलें, "गुरुजी, जमिनीचा तंटा का हो ?" मीं सांगितलें, "नाहीं बाई, खेळाचा आहे." त्यांचा विश्वास बसला नाहीं.

वाद होता 'अल्टिमा' या संगणकावरील खेळांच्या मालेविषयीं. या मालेंत एकापुढें एक असे नऊ खेळ निघाले, आणि त्यांत श्रेष्ठ कोणता हा प्रश्न जगभरचे खेळाडू आज तीस-चाळीस वर्षें भांडत आहेत. ती भांडणें आपल्या ओटीपर्यंत पोहोंचावीं याचें मला प्रथम हंसूं आलें. मागाहून हंसूं ओसरलें, तें कां, तेंच आज सांगावयाचें आहे.

ज्यांस हे खेळ ठाऊक नाहींत त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. तळकोंकणांत रात्रभर चालणारा दशावतारी खेळ आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. त्यांत लिहून पाठ केलेलीं भाषणें नसतात. कथानक तेवढें ठरलेलें. राजाचें सोंग घेतलेल्या नटानें त्या राजाला शोभेल असें बोलणें तेथल्या तेथें रचावयाचें. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा जो खेळ विक्रीस काढला, त्याचें मर्म हेंच होतें. चार मित्रांनीं मेजाभोंवतीं बसावें, एकानें सूत्रधार व्हावें, बाकीच्यांनीं योद्धा, मांत्रिक अशीं सोंगें घेऊन त्या सोंगाप्रमाणें वागावें आणि यशापयश फांशांवर सोडावें. पुढें सूत्रधाराचें आणि फांशांचें काम संगणकानें उचललें. यांस 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. मी आपला 'सोंगाचा खेळ' म्हणतों.

'अल्टिमा'चा कर्ता रिचर्ड गॅरियट. टेक्सासमध्यें शाळेंत असल्यापासूनच तो संगणकावर असे खेळ लिहूं लागला होता. त्याचे वडील ओवेन गॅरियट हे १९७३ सालीं 'स्कायलॅब' या अंतराळस्थानकावर सुमारें दोन महिने राहून आलेले शास्त्रज्ञ. (मुलगाहि पुढें २००८ सालीं पदरचे पैसे भरून अंतराळांत जाऊन आला, पण ती गोष्ट निराळी.) मालेंतील पहिले तीन खेळ १९८१, १९८२ आणि १९८३ सालचे. त्यांत एक दुष्ट असतो, त्याला मारावयाचें. आणि त्या कामासाठीं पैसा व शस्त्रें पाहिजेत म्हणून दुकानें लुटलीं, निरपराध नगरवासी कापले, तरी जय मिळतो तो मिळतोच. तिसऱ्या खेळानंतर गॅरियटला पत्रें आलीं. कित्येक पालकांनीं कळकळीनें तक्रार केली, कांहींनीं तर त्याला सैतानाचा हस्तक ठरविलें. दुसरा असता तर त्यानें पत्रें केरांत टाकलीं असतीं. यानें त्यांवर दोन वर्षें विचार केला आणि १९८५ सालीं चौथा खेळ काढला.

या चौथ्या खेळांत मारावयाचा असा कोणी दुष्ट मुळीं नाहींच ! खेळणाऱ्यानें 'अवतार' व्हावयाचें. शब्द हाच, आपला. सचोटी, दया, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता असे आठ गुण अंगीं बाणवले म्हणजे मनुष्य अवतारपदास पोहोंचतो. प्रत्येक गुणाचें एक देऊळ आहे. तेथें जाऊन त्या गुणाचा मंत्र जपत ध्यानस्थ बसावें लागतें. मंत्र हा शब्दहि आपलाच, आणि अध्यात्माच्या देवळाचा मंत्र तर चक्क 'ॐ'. आज संगणकावर स्वतःच्या जागीं वावरणाऱ्या चित्राला सारें जग 'अवतार' म्हणतें. तो अर्थ रूढ होण्यांत या खेळाचा वांटा आहे.

नातवाच्या मदतीनें मीं या पावसाळ्यांत हा खेळ थोडाफार खेळून पाहिला. इंग्रजी जुन्या बायबलाच्या वळणाची आहे, ती मला अडली नाहीं, बोटें अडलीं. आरंभीं जत्रेंतील एक भविष्य सांगणारी बाई प्रश्न विचारते. प्रश्न असे कीं, दोन्ही उत्तरें चांगलीं. दया राखावी तर न्याय सुटतो, सत्य बोलावें तर मित्र दुखावतो. चूक उत्तर नाहींच. तुम्ही काय निवडतां त्यावरून तुमचें सोंग ठरतें. पुढें जडीबुटी विकणारी एक आंधळी बाई भेटते. पैसे तुम्हीच मोजून ठेवावयाचे. कमी ठेवले तर तिला दिसत नाहीं, आणि ती तक्रार करीत नाहीं. परंतु संगणक आपल्या वहींत मुकाट्यानें तुमची सचोटी कमी करून ठेवतो. ती वही तुम्हांला दाखविली जात नाहीं. भिकाऱ्याला दिलेलें नाणें, पळणाऱ्या जनावराला दिलेलें जीवदान, औषधालयांत दिलेलें रक्त, सर्वांची नोंद होते. कोणी गर्वाचा प्रश्न विचारला आणि तुम्हीं अभिमानानें होय म्हटलें कीं, नम्रता उणी झालीच. मी तेथें फसलों, आणि नातू "आजोबा, गेलें !" म्हणून टाळ्या पिटूं लागला.

आतां वादाकडे येतों. अंधेरीवाल्याचा पक्ष चौथ्या खेळाचा. त्याचें म्हणणें, ज्या खेळानें तलवार गौण केली आणि खेळणाऱ्याचें वर्तन हाच विषय केला, त्याच्या पुढें बाकीचे सर्व शेपटासारखे. आखातवाल्याचा पक्ष सहाव्याचा, म्हणजे १९९० सालच्या खेळाचा. त्याचें कारण समजण्यासाठीं चौथ्याचा शेवट माहीत हवा. चौथ्यांत आठहि गुण साधल्यावर अवतार एका खोल गर्तेंत उतरतो आणि परमज्ञानाचा एक ग्रंथ मिळवितो. तोच विजयाचा कळस. सहाव्या खेळांत पंख असलेले, लाल कातडीचे, राक्षसासारखे दिसणारे लोक येऊन देवळें बळकावतात. अवतार त्यांच्याशीं लढतो, आणि अर्ध्या वाटेवर त्याला कळतें कीं, तो ग्रंथ त्या लोकांच्या भूमींतून हलल्यामुळेंच त्यांचें जग ढांसळलें. त्यांच्या पोथ्यांत अवतार हा खोटा प्रेषित म्हणून लिहिलेला आहे. त्यांना त्यांचीं स्वतःचीं तत्त्वें आहेत, स्वतःची भाषा आहे. ती भाषा शिकल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. शेवटीं ग्रंथ दोघांपैकीं कोणाच्याहि हातीं न राहतां दोघांनाहि भिंगांतून वाचतां येईल अशा ठिकाणीं जातो.

येथवर मी स्वस्थ ऐकत होतों. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, वसईचा वेढा आपण आम्हांला किल्ल्यांत नेऊन शिकवलात. चिमाजीअप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत किल्ला घेतला म्हटल्याबरोबर सगळ्या वर्गानें टाळ्या वाजविल्या. मीहि वाजविल्या. घरीं येऊन आजीला सांगितलें, तर ती म्हणाली, 'त्याच सालीं आपल्या देवळाची घंटा गेली.' सहावा खेळ मी खेळलों तेव्हां मला आजी आठवली."

आमच्याकडील ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात. भीमाशंकरास आणि नाशकास नारोशंकराच्या देवळांत ज्या मोठ्या पोर्तुगीज घंटा टांगलेल्या आहेत, त्या वसईच्या मोहिमेंतून गेलेल्या, हें मला ठाऊक होतें. वर्गांत मीं तें सांगितलेंहि असेल, तें विजयाची खूण म्हणून. पोर्तुगीजांचा दोनशें वर्षांचा धर्मजुलूम खोटा नव्हता, आणि त्या तटाखालीं पडलेल्या मराठ्यांचें शौर्यहि खोटें नव्हतें. तो पाठ मी पुन्हां शिकवीन तर तसाच अभिमानानें शिकवीन. परंतु चाळीस मुलांच्या त्या वर्गांत निम्मीं मुलें ख्रिस्ती होतीं, आणि टाळ्यांच्या आवाजांत मला त्यांच्या आज्या ऐकूं आल्या नव्हत्या.

सातव्या खेळाचें नांव माझ्या नातवानें पुढें केलें. तो १९९२ सालचा. त्यांत गांवकरी रात्रीं झोंपतात, सकाळीं कामावर जातात, आणि पीठ मळून भट्टींत पाव भाजतां येतो. गोड बोलणारी एक मंडळी त्यांत बंधुभावाच्या नांवाखालीं लोकांस नादीं लावीत असते, तो भाग चांगलाच आहे. पण नातवाचें सर्व लक्ष पावाकडे. १९९४ चा आठवा आणि १९९९ चा नववा यांविषयीं दोन्ही पक्षांचें एकमत होतें, आणि तें येथें सांगण्याजोग्या शब्दांत नव्हतें.

राहिला पांचवा, १९८८ चा. त्याचें नांव निघालें तेव्हां अंधेरीवाला जरा थांबला. पांचव्या खेळांत चांगला राजा पाताळांत नाहींसा झालेला असतो आणि ब्लॅकथॉर्न नांवाचा सरदार त्याच्या गादीवर बसलेला असतो. हा ब्लॅकथॉर्न गुणांचा शत्रु नव्हे, भक्तच आहे. म्हणून त्यानें आठहि गुणांचे कायदे केले. खोटें बोलेल त्याची जीभ कापावी. निम्मी मिळकत दान न करील त्याची सगळीच हिरावून घ्यावी. पुढें तो अवतारालाच पकडतो आणि देवळाचा मंत्र सांग म्हणतो. सांगावा तर देऊळ उध्वस्त होतें, न सांगावा तर डोळ्यांदेखत मित्राचा वध होतो.

"गुरुजी, रागावणार नसाल तर सांगतों," अंधेरीवाला म्हणाला. "ब्लॅकथॉर्नचा तो दानाचा कायदा वाचला आणि मला आपली दानपेटी आठवली."

श्रोतेहो, ही पेटी १९८६ सालची. मी तेव्हां अठ्ठावीस वर्षांचा, उत्साही आणि शिस्तीचा भोक्ता होतों. मुलांना दानाची संवय लागावी म्हणून मीं वर्गांत पत्र्याची एक पेटी ठेविली. दर शनिवारीं प्रत्येकानें गोरगरिबांसाठीं कांहीं टाकावयाचें. जो टाकणार नाहीं त्याचें नांव फळ्यावर लिहावयाचें, आणि तें सोमवारपर्यंत पुसावयाचें नाहीं. पेटी दर महिन्यास भरे. मुख्याध्यापकांनीं माझी पाठ थोपटली. एका शनिवारीं एका मुलानें शेजारच्याच्या दप्तरांतून चार आणे काढून पेटींत टाकले. मीं त्याला सर्वांदेखत छड्या मारल्या, आणि चोरी किती वाईट यावर तासभर बोललों. त्याच्या बापाचें कारखान्यांतलें काम त्या महिन्यांत सुटलें होतें, हें मला फार उशिरां कळलें. कळल्यावरहि पेटी मीं वर्ष संपेपर्यंत उचलली नाहीं.

तो मुलगा आतां पन्नास वर्षांचा होऊन माझ्या ओटीवर बसला होता. "म्हणूनच मला चौथा खेळ आवडतो," तो म्हणाला. "भिकाऱ्याला नाहीं दिलें तर त्यांत कोणी फळ्यावर नांव लिहीत नाहीं. वही आंत कुठें तरी असते. आपली आपण."

आखातवाला मोठ्यानें हंसला. "आणि ते चार आणे माझ्या दप्तरांतले होते गुरुजी ! अजून परत मिळाले नाहींत."

मग माझा कौल काय, असें दोघांनींहि विचारलें. मीं पांचव्याला दिला. चौथा खेळ लिहून गॅरियटला जगानें शाबासकी दिली. त्यानंतर तीनच वर्षांत त्यानें स्वतःच्याच आठ गुणांचा छळ कसा होतो हें लिहून दाखविलें. आपण शिकविलेला पाठ कोणाच्या हातीं गेला म्हणजे त्याचें काय होतें, हें पाहण्याचें धैर्य मला माझ्या नोकरींत झालें नाहीं. सहावा अधिक थोर असेल. पण तेथें दुसऱ्याचें दुःख समजावयाचें आहे. पांचव्यांत मला माझा वर्ग दिसला, आणि फळ्यावरचीं नांवें.

माझा कौल दोघांनाहि पटला नाहीं. "गुरुजी, आपण खेळलांत कुठें पांचवा ? नुसता ऐकलात," असें आखातवाला म्हणाला, आणि तें खरें होतें. सुट्टी संपवून जाण्यापूर्वीं त्यानें नातवाच्या संगणकावर तो खेळ घालून दिला आणि कोणत्या अक्षरानें काय होतें याची यादी माझ्या वहींत लिहून ठेविली. अंधेरीवाला रविवारीं येऊन बसतो आणि मी चुकलों कीं "डावीकडे, डावीकडे" म्हणून ओरडतो. माझ्या सोंगाच्या कमरेला तलवार आहे, पिशवींत थोडें अन्न आहे, आणि मी अद्याप ब्लॅकथॉर्नच्या वाड्यांत शिरलेलों नाहीं.