लपवायचे काय आणि सांगायचे काय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी दोन शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघांत उभे राहून बोलण्याची सवय नाही. परंतु गेले वर्षभर दर मंगळवारी दुपारी मंडळाच्या खोलीत वयस्क बायकांचा मोबाईलचा वर्ग चालतो, तिथे मी शिकवते. मला माझ्या मुलीने शिकवले, तेच मी पुढे देते, इतकेच. त्या वर्गात जे पाहिले व उमगले, ते आपल्यापुढे ठेवते.

आपल्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींत आयुष्य काढलेली वृद्ध मंडळी पुष्कळ आहेत. मुले कोणाची घोडबंदरला, कोणाची पुण्याला, तर कोणाची परदेशी. पूर्वी पासबुक भरायला, विजेचे बिल भरायला मुलगा जात असे. आता ते सारे हातातल्या फोनवर आले. पेन्शन जमा झाल्याचा निरोप त्यातच येतो, नातवंडांचे तोंड त्यातच दिसते, आणि चोरही त्यातूनच घरात शिरतो. हा चोर कुलूप फोडीत नाही. गोड बोलून नाहीतर धाक घालून आपल्याच हातून किल्ली काढून घेतो.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. सत्तरीला टेकलेल्या. त्यांना निरोप आला की, बिल थकले आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडू. घाबरून त्यांनी त्या नंबरावर फोन केला, समोरच्याने सांगितले ते ॲप घेतले आणि सांगितले तसे आकडे भरले. नऊ हजार रुपये गेले. असे खोटे निरोप महावितरणच्या नावावर राज्यभर फिरले आहेत, आणि कंपनीने लोकांना वेळोवेळी सावधही केले आहे. पण काकूंना ते कोणी सांगितले नव्हते.

भगिनींनो, मला वाईट वाटले ते पुढच्या गोष्टीचे. काकूंनी बारा दिवस घरात कोणाला सांगितले नाही. मुलगा रागावेल, सून मनात हसेल, ही भीती. शेवटी कळले, तेव्हा मुलाने काळजीपोटीच, पण फोन काढून कपाटात ठेवला. झाले, नातीशी बोलणे बंद. बहिणीची खुशाली विचारायची तर मुलगा कामावरून येईपर्यंत थांबायचे. जन्मभर घराचा हिशेब ठेवलेली बाई, तिला कोणी दहा रुपयांचाही व्यवहार करू देईना. चोराने नऊ हजार नेले, पण बाकीचे आपणच नेले, असे मला वाटते.

फसतात त्या काही अडाणी बायकाच, असे कोणी समजू नये. २०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल, वय ८२, पद्मभूषण मिळालेले गृहस्थ. चोरांनी त्यांना फोनच्या पडद्यावर खोटे न्यायालय दाखवले. त्या वेळचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचे सोंग एकाने घेतले. कोणाशी बोलू नका म्हणून दटावले आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. एवढा मोठा कारखानदार फसला, तिथे आपल्या काकूंनी लाज का धरावी? आणि पुढचे ऐका. त्यांनी तक्रार केली म्हणून पोलिसांना त्यातले सव्वापाच कोटींच्या आसपास परत मिळवता आले. गप्प बसते तर काय मिळाले असते?

या प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. फोनवरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात कुठेही नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरच्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितले, की थांबा, विचार करा, मग कृती करा. खाकी कपडे घातलेला कोणी पडद्यावर दिसला, तरी फोन ठेवून द्यावा. शंकाच असेल तर आपले वर्तकनगर पोलीस ठाणे आहे, तिथे कोणाला सोबत घेऊन जाऊन विचारावे.

चोराची सोंगे नित्य बदलतात. पेन्शनवाल्यांना हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन येतो. ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा सरकारी वाटणारी नकली पानेही निघाली. कोणाची लग्नपत्रिका म्हणून एक फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. ती उघडली की फोनच परक्याच्या ताब्यात जातो. सगळी सोंगे पाठ करणे कोणालाच जमायचे नाही. मी वर्गात दोनच खुणा सांगते. समोरचा माणूस घाई करतो आहे का? आणि ‘कोणाला सांगू नका’ असे म्हणतो आहे का? यातली एक जरी खूण दिसली, तरी फोन ठेवायचा आणि घरच्या नाहीतर शेजारच्या माणसाला सांगायचे.

आता लपवायचे काय, तेही सांगते. पासवर्ड, पिन आणि ओटीपी या तीन गोष्टी लपवायच्या. ओटीपी म्हणजे एकाच वेळेपुरती दिलेली किल्ली. बँकेचा खरा माणूस ती कधीही मागत नाही. आणखी एक ध्यानात धरा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो. ‘तुमचे पैसे परत करतो, पिन घाला’ असे कोणी म्हणाला, की तो चोर समजावा.

पासवर्ड म्हणून बायका नातवाचे नाव आणि जन्मसाल घालतात. ते तर साऱ्या गल्लीला ठाऊक असते. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्यावेत. समजा कढई, पिंपळ, मंगळवार, छत्री. ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत, मध्ये एखादा आकडा घालावा. लांब असल्यामुळे दुसऱ्याला शोधायला कठीण आणि आपल्याला आठवायला सोपे. हे मी सांगितलेले शब्द मात्र कोणी घेऊ नका, आपापले शोधा! बँकेचा पासवर्ड निराळा, बाकीचे निराळे. एकाच किल्लीने देवघर, कपाट आणि कोठी उघडत असेल, तर एक हरवली की सारेच गेले. उगीच दर महिन्याला बदलत बसण्याचे कारण नाही. कोणाला कळल्याचा संशय आला, की मात्र त्याच घटकेला बदलावा.

आठवत नसेल, तर वहीत लिहून ती कपाटात कुलपात ठेवली तरी चालेल. आपले चोर बहुधा दूर गावी बसलेले असतात, ते कपाट उघडायला येत नाहीत. मात्र यूपीआयचा आणि एटीएमचा पिन वहीत लिहू नये, तो तोंडपाठच हवा. कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवू नये. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये सहा आकडी पिन घालता येतो, तोही घालून घ्यावा.

आता दोन शब्द मुलासुनांना. आईला शिकवताना फोन तिच्याच हातात राहू द्या. ‘दे इकडे, मी करते’ म्हटले की शिकणे संपले. एक गोष्ट चार वेळा विचारली तर चार वेळा सांगा. तुम्हाला बोट धरून चालायला शिकवताना तिने वेळा मोजल्या नव्हत्या. आमच्या वर्गात आम्ही नाटकच करतो. मी चोर होते, एखादी आजी फोन घेते. मी धमकावते, विनवते, रडते, आणि तिने फक्त ‘मी घरी विचारून सांगते’ म्हणून फोन ठेवायचा. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज कापतो. तिसऱ्या मंगळवारी त्या मलाच दरडावतात! मघाशी सांगितलेल्या काकूही आता वर्गाला येतात. मुलाशी आम्ही दोघीतिघी जाऊन बोललो. फोन त्यांना परत मिळाला आहे.

आणि इतके करूनही पैसे गेले तर? तर रडत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. दांडीयात्रेचे साल तेच, म्हणून विसरायला होत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ही सोय केली, तेव्हा क्रमांक १५५२६० होता, पुढे तो १९३० झाला. बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. मग ज्या खात्यात पैसे गेले, ते तिथेच अडवण्याचा प्रयत्न होतो. चोर पैसे या खात्यातून त्या खात्यात भराभर फिरवतो, म्हणून पहिला तास मोलाचा. बारा दिवस मनात ठेवले, तर अडवायला काही उरतच नाही. सोबत आपल्या बँकेलाही कळवा.

मंडळाच्या फळ्यावर आजपासून १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती करते. आणि घरोघरच्या तरुण मंडळींना एवढेच विनवते, की आई किंवा सासूबाई ‘माझे पैसे गेले ग’ म्हणून आल्या, तर ‘असे कसे केलेत’ हे आधी विचारू नका. आधी १९३० लावा. त्यांना सांगायची भीती वाटली नाही, तर आपले निम्मे काम झाले.

वर्गाला जागा आहे. मंगळवारी दुपारी तीनला यावे, फोन आणि चष्मा बरोबर आणावा.