छतावरची वीज आणि खांबावरचा माणूस



छतावरच्या सौरऊर्जेवर बोलायचे म्हटले की पहिला प्रश्न अनुदानाचा येतो, म्हणून तो आधीच निकालात काढतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात दोन किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये ठरले. बिल किती उतरेल हे तुमचा ठेकेदार कागदावर मांडून दाखवेल. आज मला बोलायचे आहे ते खांबावर चढणाऱ्या माणसाबद्दल. तुमच्या छतावर पॅनेल बसले की त्याचे काम बदलते, आणि हे त्याला विचारून झालेले नसते.

आजवर वीज एकाच दिशेने वाहत होती. गल्लीच्या तोंडाशी जी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, उभी असते, तिच्यात ११,००० व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर उतरते आणि तिथून घराघरांत जाते. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. खालच्या बाजूने घरातली वीज त्याच्यात शिरली, तर तोच ट्रान्सफॉर्मर ती उलट वर चढवतो. मग सबस्टेशनमधून बंद केलेल्या, कामासाठी परमिट घेतलेल्या अकरा केव्हीच्या तारेवर पुन्हा जीवघेणा दाब उभा राहतो.

कुणी म्हणेल, तीन किलोवॉटचा संच अख्ख्या वस्तीचा भार कसा पेलणार? खरे आहे, बहुतेक वेळा तो दमून बंदच पडतो. पण वादळात तार तुटली आणि त्या तुकड्यावर दोनच घरे उरली, तर तेवढा भार तो आरामात उचलतो. आणि वादळ ओसरल्यावरच तर लाइनमन खांबावर असतो! म्हणून काम सुरू करण्यापूर्वी कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडणारा डिस्चार्ज रॉड लावण्याची शिस्त आता कधी नव्हे इतकी महत्त्वाची झाली आहे. ती पाळायला त्याला वेळ आणि साहित्य दोन्ही मिळाले पाहिजे, हा आग्रह आपण ग्राहकांनी धरायला हवा.

दुसरी शिस्त यंत्राची. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार बाहेरचा पुरवठा गेल्यावर तुमच्या संचाने दोन सेकंदांच्या आत तारेत वीज सोडणे थांबवले पाहिजे. पुरवठा परतला तरी लगेच उडी मारायची नाही. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किमान साठ सेकंद स्थिर राहिल्यावरच जोडून घ्यायचे.

पुरवठा गेला, हे संचातल्या इन्व्हर्टरला कळते कसे? मला यातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो. व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली तर ओळखणे सोपे. पण छतावरची निर्मिती आणि घरातला भार योगायोगाने तंतोतंत जुळले, तर काहीच हलत नाही आणि वीज गेल्याचा पत्ता लागत नाही. म्हणून चांगला इन्व्हर्टर सतत फ्रिक्वेन्सीला हलकासा रेटा देऊन पाहतो. वारीच्या गर्दीत एकट्याने वेगळी चाल धरून पाहावी तसे हे आहे: गर्दी असेल तर ती त्याला आपल्याच चालीने नेते, आणि त्याच्या मनासारखे पाऊल पडू लागले तर समजावे की आजूबाजूला कुणी उरलेले नाही. देशभरच्या अजस्र जनित्रांची ५० हर्ट्झची लय एका घराच्या रेट्याने हलत नाही. ती हलली, की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो.

भर उन्हात लाईट गेली आणि छतावर पॅनेल असूनही पंखा थांबला, अशी तक्रार मी गावोगाव ऐकतो. तो बिघाड नव्हे, कुणाचा तरी जीव राखला जातो आहे. दुपारीही घर चालू हवे असेल तर बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर घ्या. तो आधी बाहेरच्या तारेपासून घर तोडतो आणि मग निवडक दिवे-पंखे वेगळ्या वायरिंगवर चालवतो. पण सॉकेटमध्ये उलटी पिन खोचून, चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घरात सोडणारे लोक आहेत. हे करू नका. शेजारी करत असेल तर त्याला थांबवा, वाईटपणा आला तरी चालेल.

नियम घाईने केला तर काय होते, ते जर्मनीत दिसले. तिथे फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झला पोहोचली की सौर संचांनी तत्काळ बंद व्हावे असे ठरले होते. संच थोडे होते तोवर ठीक. पुढे ते इतके वाढले की सगळे एका क्षणी बंद पडले तर जाळेच कोसळेल, हे ध्यानात आले. २०१२ मध्ये नवा नियम करून तीन लाखांच्या आसपास जुन्या संचांची जुळणी बदलावी लागली. आपल्याकडे छतांची संख्या आता कुठे वाढते आहे, तोवरच हा विचार व्हावा.

पॅनेलच्या बाजूची वीज डीसी असते, तिच्याबद्दल थोडक्यात. घरच्या एसी विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी पेटली की पेटतीच राहते. तिथे साधा एमसीबी बसवून पैसे वाचवणारा ठेकेदार आग लावण्याची तयारी करतो. आणि खालचा मेन बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलपासूनच्या वायरी जिवंतच असतात. छतावर पत्रे बदलायला येणाऱ्याला हे सांगा.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी लायसन्सधारक वायरमनला बोलवा. स्वच्छ उन्हात मेन बंद करायला लावा, इन्व्हर्टरच्या एसी बाजूला मीटर लावून दोन सेकंदांत व्होल्टेज उतरते का ते पाहा. मग मेन चालू करून मिनिटभर थांबतो का तेही पाहा. याखेरीज हाताने चालवायचा, उघडलेला डोळ्यांना दिसणारा आणि कुलूप लावता येणारा एक आयसोलेटर नियमाने लागतो. इन्व्हर्टर आहे म्हणून तो गाळता येत नाही. कित्येक सोसायट्यांत तो गच्चीच्या बंद दारामागे बसवलेला असतो. तो मीटरजवळ आणा, वर मराठीत ठळक पाटी लावा, आणि रात्री-अपरात्री आलेल्या लाइनमनला वॉचमनची वाट न पाहता तिथे पोहोचता आले पाहिजे, अशी नोंद पुढच्या सभेच्या इतिवृत्तात करून घ्या.